माफी मागायला पोहत गेलो

सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही, पण आपल्या मानवतावादी मंडळाचा नियम मी जिवावर उदार होऊन पाळलाय. देव मानत नाही, तर माफी ज्याचं वाईट केलं त्याच्याकडेच मागायची!

छापखान्यात मशीनचा रोलर मी मोडला आणि नाव सांगितलं कामावरच्या जोडीदाराचं. त्याची नोकरी गेली. शेवटी निघालो त्याच्या घरी. पूर असा, की मासे झाडांवर बसलेले! पोहत जाऊन पाय धरले. तो इतका रडला, की पाणी आणखी वीतभर चढलं.

माझा किस्सा ऐकून मंडळाच्या सभेतली मंडळी खो खो हसली. मागच्या बाकावरून जोडीदाराची बायको उठली.

"भावजी, तुम्ही आमच्या दारात कधी आलाच नाहीत. हे अजून वाट बघतायत. उठा, चपला घाला!"