गाण्याच्या मधलं

नीलमच्या वर्गात त्या वर्षी प्रत्येकाला एक डिजिटल संग्रह उभारायचा होता. ग्रंथालयशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचं हे काम. कपाटात पुस्तकं लावणारी पोरं संगणकात काय लावतात, ते मॅडमना बघायचं होतं. निम्म्या वर्गानं शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांची कात्रणं घेतली. विषय चालू होता, पेपर रोज नवा माल पुरवत होते आणि कात्रण कापायला डोकं लागत नाही. उरलेल्यांनी जुन्या प्रश्नपत्रिका घेतल्या. नीलमनं भीमगीतांच्या कॅसेटी घेतल्या; आपल्याला डोकं आहे या समजुतीतच ती गोत्यात आली.

कॅसेटी अकोल्याच्या पंचफुलाबाईंच्या होत्या. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी त्यांची गायन पार्टी आली नाही आणि जयंती साजरी झाली, असं गाव वऱ्हाडात शोधावं लागलं असतं. नीलमची आई त्यांना मावशी म्हणायची, म्हणून नीलमही मावशीच म्हणायची. नेमकं नातं काय, ते कुणी उकरून काढलं नव्हतं. आता पार्टी मोडली होती. ढोलकीवाला सुरतला कामाला गेला, आणि कापसाची अशी दैना झाल्यापासून कार्यक्रमासाठी वर्गणी काढायला गावांना तोंड उरलं नव्हतं.

पंचफुलाबाईंनी पत्र्याची पेटीच नीलमसमोर सरकवली.

"घेऊन जाय. पन मले एक डाव सगळं आयकव. माह्या टेपचा जीव कवाच गेला."

"आयकवतो ना, मावशी. सगळं आयकवतो," नीलम म्हणाली. शब्द देताना माणूस कधी फार विचार करतो?

अमरावतीला राजापेठेत परवेजभाईंचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. ते आता मोबाइलची कव्हरं विकून चालायचं, पण टेपमधला आवाज संगणकात घ्यायची सोय गावात त्यांच्याकडेच होती. त्यांनी एक कॅसेट उघडली, उजेडात धरली आणि नाक मुरडलं.

"बुरशी धरली हाये, ताई. एक डाव चालीन. दुसऱ्या डावाची ग्यारंटी नाही. मंग मले बोल नका लावू."

एक डाव पुरे होता. भारनियमनातून वीज जेवढी मिळेल तेवढ्यात परवेजभाईंनी सगळ्या कॅसेटी संगणकात उतरवून नीलमच्या हवाली केल्या आणि आपल्याकडची जागा मोकळी केली. खरं काम त्यानंतर होतं, असं नीलमला वाटलं.

गायन पार्टीची एक रीत असते. गाणं रंगात आलं की ऐकणारा उठून बक्षीस देतो, आणि गाणं तिथंच थांबवून त्याचं नाव पुकारतात. ढोलकी हळू चालू राहते, निवेदक माईक हातात घेतो: "वलगावचे भगवंत गवई यांच्याकडून पाच रुपये. पार्टी त्यांची आभारी आहे, जय भीम." मग बाई गाणं जिथं सोडलं तिथून उचलते. नाव पुकारायचं राहिलं तर देणारा असा रुसतो की पुढच्या वर्षी पार्टीला बोलावणं येत नाही. त्यामुळं एकेका गाण्यात दहा ठिकाणी खंड, आणि वर खोकले, माईकची टेस्टिंग, "लेकरं पुढे बसवा" ही सूचना.

नीलमनं हे सगळं तांदळातले खडे वेचावे तसं वेचून टाकलं. गाण्याची तुटलेली टोकं तिनं अशी सफाईनं जोडली की मध्ये कुणी बोललं होतं, याची शंकाही येऊ नये. प्रत्येक गाण्याला शीर्षक दिलं, विषय दिला, भाषा दिली, गायिकेचं नाव दिलं. दरम्यान विभागाच्या संगणकातली जागा संपली. मूळ ध्वनिमुद्रण कधीही पुसू नये, हे उत्तर नीलमनं सहामाहीत लिहिलं होतं आणि त्याचे पुरते मार्क घेतले होते. आता जागा करायला तिनं नेमकी मूळ मुद्रणंच पुसली. पाठ झालेलं सगळं कळलेलं नसतं, हे आमच्याकडं परीक्षेत विचारत नाहीत. मॅडमनी संग्रह पाहिला आणि वर्गात सर्वांत नीटनेटका हाच, असं सांगितलं.

त्याच हुरुपात ती गाण्यांची सीडी आणि कॅसेटींची पेटी घेऊन अकोल्याला गेली. शेजारच्या घरातून सीडी प्लेअर आणला, आणि वीज आल्याबरोबर गाणी लावली.

पहिल्या गाण्याला पंचफुलाबाईंचा हात मांडीवर ताल धरत होता. दुसऱ्यालाही. तिसऱ्या गाण्यात हात थांबला. कुणी यायचं राहिलंय आणि आपण दाराकडं कान लावून आहोत, तसं त्यांचं तोंड झालं.

"मधातलं कुठी गेलं?" त्यांनी विचारलं.

"मधातलं म्हंजे?"

"बक्षीस. बुढा पुकारे ते."

बुढा म्हणजे त्यांचा नवरा, सूर्यभान. सुराच्या नावानं बोंब, पण पार्टीबरोबर गावोगाव जायचा. बाजाची पेटी डोक्यावर घ्यायचा, पेट्रोमॅक्स पेटवायचा आणि बक्षिसं पुकारायचा. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. भिंतीवर फोटो होता, पण फोटो काही बोलत नाही.

"ते मी काढून टाकलं, मावशी," नीलम म्हणाली. "गानं साफ आयकू यावं म्हून."

पंचफुलाबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हात पुढं करून गाणं बंद केलं.

"गाने त मले सारे तोंडपाठ हायेत, माय. आत्ता म्हन म्हनलं त आत्ता म्हनतो. तुले पेटी देल्ली ते गान्यासाठी नव्हती देल्ली."

वेगळं ठेवलंय, पुढच्या वेळी आणते, असं सांगून निसटता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"माह्यापाशी नाही आता ते. पुसलं मी," ती म्हणाली. "कॅसेटी पुन्हा लावून पाह्यता येईन. पन परवेजभाई म्हनते, रीळ टिकनार नाही. मंग पेटीतबी काही उरनार नाही, मावशी."

पंचफुलाबाईंनी पेटीकडं पाहिलं.

"त्याचं काय लोनचं घालू? चाल, मीबी येतो. गेल्या त माह्या डोयासमोर जातीन."

दोन दिवसांनी त्या राजापेठेतल्या दुकानात स्टुलावर बसल्या होत्या. परवेजभाईंनी चहा मागवला, टेपचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, येईल तो आवाज उतरून घ्यायला टेप संगणकाला जोडला आणि पहिली कॅसेट घातली. ती किंचाळली आणि तांबडी पूड सोडून मुकी झाली. दुसरीचं रीळ तुटलं. जोडलं, पुन्हा तुटलं. तिसरीत कुणीतरी विहिरीतून बोलावं तसं "यांच्याकडून" एवढंच आलं. पंचफुलाबाई प्रत्येक मेलेली कॅसेट मागून घेत आणि मांडीवर ठेवत. नीलमला त्यांच्याकडं बघवेना. आपल्या हुशारीची तिला मनस्वी लाज वाटत होती.

पेटीत दोनच उरल्या तेव्हा परवेजभाई म्हणाले, "मावशी, या राहू द्या का? आठवन म्हून?"

"लाव तू, भाऊ."

आधी खरखर आली. मग ढोलकी, आणि ढोलकीवर एक जाडसर, घाईतला आवाज: "चांदूर रेल्वेच्या लीलाबाई यांच्याकडून दोन रुपये, पार्टी त्यांची आभारी आहे, जय भीम."

पंचफुलाबाईंनी पदर तोंडाशी नेला. आवाज माईकपासून जरा बाजूला झाला आणि एकदम हळू झाला.

"पंचफुला, पानी पेतं का?"

थोडा वेळ नुसती ढोलकी वाजली. मग एक तरुण, फणकाऱ्याचा आवाज आला: "आधी माईक बंद करा ना. लोक आयकून राह्यले." लोक हसले. रीळ किंचाळलं आणि तिथंच अडकून तुटलं.

परवेजभाई, एरवी बोलून बोलून गिऱ्हाइकाला पिळणारा माणूस, खाली वाकून उगाच स्क्रू शोधायला लागले. नीलम रडत होती आणि ते लपवत नव्हती. पंचफुलाबाई मात्र कोरड्या डोळ्यांनी तुटलेल्या रिळाकडं बघत होत्या.

"हो म्हनन्यात काय जात होतं माह्यं?" त्या म्हणाल्या.

बाहेर दुचाक्यांचे हॉर्न वाजत होते. शेवटची कॅसेट लावायची परवेजभाईंची हिंमत होईना.

"एक डाव अजून आयकाले भेटलं असतं त," पंचफुलाबाई स्वतःशीच पुटपुटल्या.

"भेटते ना, मावशी," नीलम म्हणाली. "रीळ गेलं, पन आवाज इथं आला. हा आता कितीबी डाव वाजते."

तिनं मागं नेऊन पुन्हा लावलं. लीलाबाईंचे दोन रुपये पुकारून झाले. आवाज बाजूला झाला, हळू झाला आणि त्यानं पाण्याचं विचारलं. मागं ढोलकी तेवढी वाजत राहिली, आणि तरुण पंचफुला खेकसायच्या आत पंचफुलाबाई संगणकाकडं झुकून म्हणाल्या, "हो. आना."