पहाटेचा पडदा

नाटक कंपनीत त्याला सगळे दादा म्हणत. पडदे रंगवण्यात त्याचा जन्म गेला होता. राजवाडे, बंदरं, तुरुंग, जंगलं, सगळं त्याने फरशीवर कापड अंथरून, लांब काठीच्या ब्रशने, वाकून वाकून उभं केलं होतं. हल्ली पडदा उभा राहायचा, पण दादाला उठायला भिंत धरावी लागायची. त्याची बायको त्याच कंपनीत कपडेपट सांभाळायची. "तुमचे गुडघे माझ्या मशीनपेक्षा जास्त वाजतात," असं ती म्हणे. तो हसायचा, पण हसण्याचाही कंटाळा आल्यासारखा.

त्या हंगामात नव्या नाटकासाठी पहाटेचं आभाळ हवं होतं. दादाने आजवर इतकी आभाळं रंगवली होती की खऱ्या आभाळाकडे मान वर करून बघायचं त्याने सोडूनच दिलं होतं. तो गोदामात गेला, डबे उघडले, रंगात मिसळायचा सरस कोमट केला आणि कामाला लागला. निळा घातला. फिका वाटला. आणखी घातला. हल्ली कंपन्या रंगात काय कालवतात कोण जाणे, असं पुटपुटत त्याने डबा पालथा केला.

रंगीत तालमीच्या दिवशी प्रकाशयोजना करणारा माणूस आजारी पडला. तो दादाच्याच वयाचा, काडीसारखा, आणि सगळे त्याला बॅटरी म्हणत. त्याच्या बदली आलेल्याने सरळ पांढरे दिवे लावून दिले. पडदा वर गेला आणि पहिल्या रांगेत बसलेली दिग्दर्शिका उठून उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली, "ही पहाट आहे की शाईची दौत सांडलीय?"

"पहाट अशीच असते, बाई."

"अहो, जांभळं दिसतंय सगळं. खालच्या बाजूला तर काळंच."

दादाने पडद्याकडे पाहिलं. त्याला समोर मऊ, धुरकट, उजाडू लागलेलं आभाळ दिसत होतं. कालची पोरगी मला रंग शिकवते, असं मनात आलं आणि एरवी कधी न चढणारा त्याचा आवाज चढला. "तुम्हाला रंग कळत नसेल तर दुसरा पेंटर बघा," असं म्हणून तो आत कपडेपटात येऊन बसला.

बायको एका कोटाला बटणं लावत होती. बाहेरचं सगळं तिच्या कानावर आलं होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "जरा काळा दोरा द्या."

त्याने डब्यातून रीळ काढून दिलं. तिने ते हातात घेतलं आणि सुई बाजूला ठेवली.

"अहो, हा काळा?"

"मग काय?"

"निळा आहे हा. गडद निळा." तिने खरं काळं रीळ त्याच्या तळहातावर शेजारी ठेवलं. दादाने दोन्ही खिडकीपाशी नेली, जवळ धरली, लांब धरली. दोन्ही सारखीच.

"परवा पायमोजे दोन रंगांचे घालून निघालात," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, दमलात म्हणून."

"मलाही तेच वाटायचं," दादा म्हणाला.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहून सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलेला, आणि त्यामुळे निळा रंग फिका पडतो. नाटक तर तोंडावर आलं होतं. तेवढ्यात बॅटरी बरा होऊन परतला, त्याने काय जादू केली कोण जाणे, आणि त्याच पडद्यावर प्रयोग सुरू झाले. दिग्दर्शिकेने तक्रार केली नाही. दादाने मुकाट्याने ऑपरेशन करून घेतलं.

पट्ट्या निघाल्या, डोळे निवळले, तसा तो गोदामात गेला. दार सताड उघडलं. दिवसाच्या उजेडात त्याने गेल्या काही वर्षांतले पडदे एकेक करून उलगडले. समुद्र निळीच्या पाण्यासारखा. चांदणं जांभळं. नदीकाठची संध्याकाळ तर अंगावर आली. तो तिथेच एका उलट्या डब्यावर बसला. यांच्यापुढे लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. कशा?

बॅटरी तारांचं भेंडोळं घेऊन आत आला, पसरलेले पडदे पाहून थबकला.

"तू काय करत होतास रे?" दादाने विचारलं.

बॅटरीने भेंडोळं खाली ठेवलं. "तुझा निळा दबावा म्हणून दिव्यांना पिवळा कागद लावत होतो. आधी फिका. मग जरा गडद."

"कधीपासून?"

"झाली की काही वर्षं."

"आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास?"

"दोनदा सांगायला आलो होतो. एकदा तू कमरेला पट्टा बांधून पालथा पडला होतास. दुसऱ्यांदा तूच म्हणालास, बघ, कसं उजाडलंय. मग जीभच रेटेना."

दादाला राग यायला हवा होता. पण रागालाही अंगात बळ लागतं. एवढी वर्षं आपण एकट्यानेच ओझं वाहतोय असं त्याला वाटत आलं होतं, आणि मागून कुणीतरी गुपचूप खांदा देत होतं. त्याला लाज वाटली आणि बरंही वाटलं. कुठलं जास्त ते कळेना.

"चहा पिऊ चल," तो म्हणाला.

नंतरच्या सुट्टीच्या दिवसांत दादाने पहाट पुन्हा रंगवली. या वेळी पडदा भिंतीवर टांगायला लावला आणि स्वतःसाठी स्टूल मागून घेतलं. आजवर कुणाकडे काही मागितलं नव्हतं. दिग्दर्शिकेने लगेच आणून दिलं. "त्या दिवशी मी जास्तच बोललो, बाई," तो म्हणाला. "मीही," ती म्हणाली. उंचावरचा भाग बायकोने रंगवला. तिचा हात शिवणारीचा, रेघ सोडून हलेना. "आभाळाला काठ नसतो गं," तो म्हणाला. "तुम्ही गप्प बसा, नाहीतर स्वतः चढा," ती शिडीवरून म्हणाली.

पुढच्या प्रयोगाला बॅटरीने पिवळे कागद काढून टाकले. पडदा उघडला तेव्हा दादा विंगेत खुर्चीवर बसला होता. त्याने एकदा आभाळाकडे पाहिलं, ठीक आहे असं मनाशी म्हटलं, आणि पहिल्या अंकाच्या मध्यावर त्याला झोप लागली. बायकोने कपडेपटातली एक शाल आणून त्याच्या अंगावर टाकली. नट येत-जात राहिले, त्याच्या पायांना वळसा घालून. कुणी त्याला उठवलं नाही.