डॉक्टरांच्या खोलीतली ट्यूब

डॉक्टरीणबाई पहिला प्रश्न विचारणार, तेवढ्यात आजोबांनी स्टुलावर चढून खोलीतली ट्यूबच काढली.

"गुणगुणत होती," ते म्हणाले आणि ट्यूब तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन बसले.

मग खिडकीच्या उजेडात तपासणी सुरू झाली. तपासायचं होतं नातीला. वर्गात ती कानांवर हात ठेवून बसते, ही शाळेची तक्रार. आईचं लक्ष नाही, हे सासरचं निदान. चाचण्या आधीच्या दोन खेपांत झाल्या होत्या; आजची तिसरी खेप.

"आवाजांचा त्रास होतो तिला?"

"कुणाला होत नाही?" आजोबा म्हणाले.

"एकच गोष्ट घेऊन तासन्‌तास बसते?"

"त्याला एकाग्रता म्हणतात," बाबा म्हणाले. टेबलावरची पेनं उंचीप्रमाणे लावून झाली होती. आता एका बुटक्या पेन्सिलीपाशी त्यांचं घोडं अडलं होतं.

"ताटात एका पदार्थाला दुसरा लागलेला चालतो?"

"शी!" आजोबा, बाबा आणि मुलगी एका सुरात म्हणाले.

डॉक्टरीणबाई आईकडे वळल्या. "तुम्हाला?"

"मला चालतं," आई गुन्हा कबूल केल्यासारखी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "मुलीला ऑटिझम आहे. आईच्या लक्ष असण्या-नसण्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि बरेचदा एका घरात अशी एकाहून जास्त माणसं असतात."

"हल्ली ऊठसूट सगळ्यांनाच निघतं," ट्यूब थोपटत आजोबा म्हणाले. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

बाबा मात्र पेन्सिल हातात धरून तसेच बसून राहिले.

"म्हणजे आमच्या घरात वेगळी मी आहे?" आईने विचारलं.

"दिसतंय तरी तसंच."

आईला हसू फुटलं, आणि मग पदर डोळ्यांपाशी न्यावा लागला. माहेरी ती काम करताना गुणगुणायची. सासरी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी 'पुरे' म्हणून हात जोडले. आपला गळाच वाईट, असं तिने तेव्हा मनाशी धरलं, ते आजवर.

जिना उतरताना तिच्याही नकळत ओठांवर सूर आला. मुलगी थबकली. आई चपापून गप्प झाली.

मुलीने दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबले.

"हं. आता म्हण."

आईने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांच्या बगलेत डॉक्टरांची ट्यूब अजून तशीच होती.

"ही धर जरा, सूनबाई," ते म्हणाले. ट्यूब तिच्या हातात देऊन त्यांनीही आपले कान झाकले.