मृदंगाचा रांजण

मित्रांनो, मी कॉम्प्युटरचा एक जुना मॉनिटर आहे. तोंड जवळपास चौरस, आणि वरच्या कोपऱ्यात बुक्क्याचा एक ठिपका. तो कसा आला, तेच सांगतो.

जन्म माझा कारखान्यातला, पण वाढलो मुकुंदवाडीच्या दोन खोल्यांत. सकाळी मेघा माझ्यावर घरांचे नकाशे काढी. दुपारी तिची आई, सारजाबाई, पाट ओढून समोर बसत आणि कीर्तन लावायला सांगत. नेहमी तेच एक, पैठणच्या सप्ताहातलं. त्यात बुवांच्या शेजारी मृदंग घेऊन सोनाजी उभे असत. ते मेघाचे वडील. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, आणि त्यांची हलती-बोलती आठवण तेवढीच उरली. कीर्तन संपलं की बुक्का लावायचा असतो ना, तो सारजाबाई मलाच लावीत.

पुढं मेघाचे नकाशे माझ्यात मावेनात. अर्धा दिसे, अर्ध्यासाठी सरकवत बसावं लागे. कामं मागं पडू लागली. शेवटी रुंद मॉनिटर घ्यायचा आणि मला दुकानात देऊन टाकायचं ठरलं. सारजाबाईंनी एकच अट घातली.

"आधी तुझ्या बापाला त्या नव्यावर बघीन. मगच ह्याला सोडीन."

मला सोबत घेऊनच दोघी दुकानात गेल्या. दुकानदार इंद्रजीतभाऊंनी माझ्या शेजारी भला रुंद मॉनिटर मांडला. मेघानं पेनड्राइव्हमधलं कीर्तन लावलं. चित्र या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलं. सारजाबाई पुढं वाकल्या.

"ह्यो कोण?"

"आई, बाबाच की."

"नाय. तुझा बाप काटकुळा. ह्याचे गाल बघ. आन् मृदंगाचा तर पार रांजण झालाय. चल घरी."

मेघाचा चेहरा उतरला. खोटं कशाला बोलू, मला मात्र बरं वाटलं.

इंद्रजीतभाऊ म्हणाले, "मावशी, चित्र जुनं, चौरस हाय. आम्ही ताणून बसवतो. नाय तर दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या राहतात, मग गिऱ्हाईक म्हणतं, एवढी जागा फुकट गेली."

"मग ताणू नका, भाऊ," मेघा म्हणाली. "राहू द्या काळं."

त्यांनी बटण दाबलं. दोन्हीकडून काळ्या पट्ट्या आल्या आणि मधोमध सोनाजी उभे राहिले. होते तसे. बारीक, मान जरा कललेली.

सारजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग हळूच म्हणाल्या, "जागा फुकट कशी गेली, भाऊ? टाळकरी नाय का बुवाला जागा सोडून दोन्ही अंगाला उभं राहत? तशाच ह्या."

त्या रुंद पडद्याच्या मधोमध मला माझाच आकार दिसला, मित्रांनो, आणि मनातली अढी तिथंच सुटली. नवा मॉनिटर घेऊन निघताना सारजाबाईंनी पदरानं माझं तोंड पुसलं, ठिपका तेवढा वगळून.

आता मी याच दुकानात दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवतो. रुंद पडदे न्यायला माणसं रोज येतात. तुम्हीही जरूर न्या. फक्त आपल्या जुन्या माणसांना त्यात बसवताना ताणू नका. ती होती तशीच उभी राहू द्या. बाजूला थोडं काळं उरलं, तर टाळकरी समजा.