मागचं डावं चाक

भावोजींनी निवृत्त झाल्यावर दोन सीटची लाल, जुनी स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा ताईने आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. मी चाकांची कामं करणारा माणूस, त्यामुळे गाडी घरी जाण्याआधी माझ्या गॅरेजमध्ये आली. चाकं मडगार्डच्या फार आत दिसतात, ती जरा बाहेर काढ, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठी स्पेसर बसवतात, म्हणजे हब, ज्याच्यावर चाक बोल्टने आवळतात तो भाग, आणि चाक यांच्यामध्ये अॅल्युमिनियमची जाड चकती.

मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडून मी माप घेतलं आणि पंधरा मिलिमीटरची चकती पुरे म्हणालो. भावोजींना वीसची हवी होती. कुठले कुठले व्हिडिओ पाहून ते अर्ध्या हळकुंडाने पिवळे होऊन आले होते. वीसची बसत होती, टायर कुठे घासत नव्हता, फक्त मला पटत नव्हती. शेवटी हौसेला मोल नाही म्हणत मी वीसच्याच मागवल्या, आणि सोबत त्यांना लागणारे लांब बोल्टही.

गाडी वर उचलून काम सुरू केलं, तर भावोजी पाठीशी उभे. हे असं पकड, ते तसं पीळ. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या उस्तादांची एक रीत होती. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडायचा, मग पांढरं फडकं फिरवायचं, आणि फडकं स्वच्छ निघालं तरच चकती ठेवायची. खाली गंजाचा पापुद्रा राहिला तर बोल्ट कितीही आवळा; गाडी पळायला लागली की पापुद्रा चिरडतो आणि बोल्ट सैल पडतात. तीन चाकांना मी हे नेमाने केलं. मागच्या डाव्या चाकाशी आलो तेव्हा भावोजींनी विचारलं, इतकं घासतोयस काय, भांडी आहेत का? माझं डोकं फिरलं. ब्रश टाकला, चकती तशीच चढवली आणि बोल्ट आवळून मोकळा झालो. राग त्यांचा, काढला हबवर.

शंभर किलोमीटर झाले की बोल्ट तपासायला या, एवढं मात्र सांगितलं. ते सांगून मी माझ्या मनाचीच समजूत घालत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पहिल्यांदा त्या गाडीत बसली. साठेक किलोमीटरवरून भावोजींचा फोन आला. मागून धडधड ऐकू येत होती, गाडी हलत होती. कुठलं चाक, हे मी विचारलंसुद्धा नाही. आहात तिथेच थांबा, एक इंचही पुढे नेऊ नका म्हणालो आणि गाडीचे जुने, बिनचकतीचे आखूड बोल्ट घेऊन निघालो. वाटभर डोळ्यांसमोर ताईच होती.

ती रस्त्याकडेच्या कठड्यावर मांडीवर पर्स घेऊन बसली होती. मागच्या डाव्या चाकाचे पाचपैकी तीन बोल्ट नुसत्या बोटांनी फिरले.

"तू पंधरा म्हणाला होतास," भावोजी म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "माझाच हट्ट नडला. काढून टाक सगळ्या."

मी चारही चकत्या काढल्या. त्यातल्या तीन अगदी चोख बसल्या होत्या. चौथीच्या मागून तांबडी भुकटी खाली सांडली. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं, पण माझ्याच्याने राहवेना.

"भावोजी, चकती जाड होती म्हणून हे झालं नाही. हा हब मी घासलाच नव्हता. रागाच्या भरात."

त्यांनी वाकून ती भुकटी बोटांत चोळून पाहिली. त्यांनी माझ्या कानाखाली एक वाजवली असती तर बरं झालं असतं.

"हिला सांगू नकोस," ते हळूच म्हणाले. "माझ्यावर तिचा भरवसा नव्हताच. चाकं भावाने बसवलीत, म्हणून बसली ती गाडीत."

चाकं जुन्या बोल्टांवर बसवून आम्ही दुपारी त्यांच्या घरी परतलो, तेव्हा ताईने मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. जेवताना तिने भावोजींवर भरपूर तोंडसुख घेतलं. या वयात कसली ही थेरं, भाऊ म्हणत होता ते ऐकायला काय झालं होतं, आज दोघांचा जीव गेला असता. भावोजी मान खाली घालून जेवत होते. एकदाही त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"हा धावून आला म्हणून निभावलं," ताई म्हणाली आणि मला वाढायला वाकली.

मी ताट पुढे केलं.