ऐंशी मिलीव्होल्ट

हे लिहिणारच नव्हतो. टायपिंग क्लासच्या मशीनवर दोनदा कागद चढवला, दोनदा काढला. कारण चूक माझी आहे.

जळगावात माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान आहे. दहावी नापास, बाकी सगळं लायब्ररीतून शिकलो. नासीर माझा शाळेपासूनचा दोस्त, डाळमिलमध्ये मशीनवर. दोन वर्षांपूर्वी म्हणाला, "हिलाल, मिलची पाळी संपली तरी कानात शिट्टी वाजते रे. समोरच्याचं अर्धंच कळतं."

मी शरीराचं पुस्तक आणलं. आतल्या कानात पाणी असतं, त्यात पोटॅशियम. पाणी प्लस, ऐंशी मिलीव्होल्ट. त्यात डोकं बुडवून बसलेल्या पेशी आतून मायनस. प्रत्येकीच्या डोक्यावर बारीक केस. आवाज आला की केस वाकतात, बारीक दारं उघडतात, पोटॅशियम आत घुसतं, पेशीचं व्होल्टेज बदलतं. तीच खबर नसेतून मेंदूला जाते.

मी वेडाच झालो. अरे, ही तर बॅटरी.

"तुझी उतरलीय फक्त," मी त्याला सांगितलं. "रविवारी कानात कापूस घाल, गप बस. भरेल परत."

"ॲसिड पण टाकू का थोडं?" तो हसला. पण ऐकलं माझं.

त्याची आई, सुगराबी, धुळ्याच्या डॉक्टरला दाखव म्हणत होती. तो म्हणायचा, "हिलाल वाचून सांगतो, अम्मी." दोन वर्षं रविवारी कापूस, सोमवारी मशीन.

परवा शेवटी त्याला घेऊन गेलो धुळ्याला. डॉक्टर म्हणाले, चार्ज कितीही असू दे, मिलच्या आवाजाने केसच गेले, वाकायला उरले नाहीत. त्या पेशी मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. तेव्हाच मिल सोडली असती तर बरंच वाचलं असतं. आता उरलंय तेही जाईल.

घरी येऊन पुस्तक उघडलं. पुढच्याच पानावर होतं सगळं. मी ते पान वाचलंच नव्हतं. मला बॅटरी सापडली होती ना.

काल त्याच्या घरी गेलो. चूक कबूल केली, ओरडून ओरडून, त्याला कळावी म्हणून. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"ओरडू नको," तो म्हणाला. "शब्द येत नाहीत, पण तोंड रागावलेलं दिसतं. मिलमध्ये बठ्ठे, सगळेच असंच करतात. तू तरी नको."

मी त्याच्या समोर सरकलो, उजेडात, ओठ दिसावेत म्हणून.

"नाही ओरडणार," हळू म्हणालो. त्याला कळलं नाही. परत म्हणालो. तिसऱ्यांदा त्याने मान डोलावली. "कळलं नाही तर दहादा विचार," मी म्हणालो. "दहादा असंच सांगीन."