नमुना क्रमांक चार

नवनाथनं पाना लावून हापशाचा दांडा सोडवला, खांद्यावर टाकला आणि तोटीवर लाल रंगाची फुली मारली. तो ग्रामपंचायतीचा शिपाई, कागद दाखवण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं. कागदावर लिहिलं होतं, ‘पाणी पिण्यास अयोग्य’. खाली आधार म्हणून एका प्रबंधाचं नाव होतं, आणि संशोधक विद्यार्थिनीचं : गौतमी म्हाळू ओव्हाळ.

बौद्धवस्तीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या.

“पोरगी शिकली आन् पयलं आपलंच पाणी तोडलं,” ताईबाई म्हणाली. ती गौतमीची चुलत आत्या. हसत हसत वर्मी बोलायची तिला जुनी सवय.

गौतमी तिथंच उभी होती. पुण्यात ती पर्यावरण शिक्षणात एम.ए. करत होती. लोकांनी आपलं पाणी आपण तपासायला शिकावं, हा तिचा विषय. त्यासाठी तिनं आपलंच गाव धरलं. पिण्याच्या पाण्याची पाच ठिकाणं निवडली, बाटल्या भरून शिरूरच्या प्रयोगशाळेत नेल्या. राहू-खुटबावकडचा सगळा पट्टा उसाचा. उसाला पोत्यानं युरिया पडतो आणि त्याचं नायट्रेट झिरपत पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅमची. हापशाचा आकडा एकसष्ट आला. पाचांतलं एकही ठिकाण पंचेचाळीसच्या आत नव्हतं.

मग एकटा हापसाच का बंद झाला? ती करणीही गौतमीचीच. संशोधनाच्या शिस्तीप्रमाणे तिनं प्रत्येकाकडून संमतीपत्र भरून घेतलं होतं. ठिकाणाचं नाव छापायला हरकत आहे का, असा त्यात एक रकाना होता. विहिरी आणि बोअरच्या चारही मालकांनी ‘हरकत आहे’वर खूण केली, कशाला उगाच नाव, दुधाची गिऱ्हाइकं तुटायची. वस्तीनं मात्र विहारात बसून, टाळ्या वाजवून सह्या केल्या. आपल्या पोरीचं पुस्तक निघतंय, त्यात आपलं नाव नको? त्यामुळं प्रबंधात ती चार ठिकाणं नुसते क्रमांक होऊन बसली आणि हापसा तेवढा नावानिशी राहिला. प्रबंधाची प्रत पंचायतीत तिनंच नेऊन दिली, हार घालून घेतला, फोटो काढला. पंचायतीला कुठल्याशा पर्यावरण स्पर्धेत काहीतरी कारवाई दाखवायचीच होती. क्रमांकावर कारवाई करता येत नाही, हापशावर येते.

तिनं मार्गदर्शक बाईंना फोन लावला.

“मॅडम, बाकीची चार नावं सांगू का लोकांना?”

“अजिबात नाही. लेखी शब्द दिलायस तू. तक्रार झाली तर प्रबंध रद्द होईल,” बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खुलला. “आणि अगं, अभ्यासामुळं प्रत्यक्ष कारवाई झाली! तोंडी परीक्षेत हे आवर्जून सांग.”

नळाची पाइप तीन वर्षांपासून वस्तीच्या कोपऱ्यावर येऊन थांबलेली, आणि आता हापसाही बंद. तेव्हा संपत आप्पा पुढं आले. माजी सरपंच, दीडशे एकरांचे धनी, मोठ्या मनाचा माणूस म्हणून पंचक्रोशीत नाव. सकाळी तासभर त्यांनी आपल्या बोअरची पाइप वस्तीसाठी सोडायला सुरुवात केली. बायका बांधाखाली रांगेनं उभ्या राहायच्या, आप्पांचा गडी वरून पाइप धरायचा. पाइपला हात लावायचा नाही, असं कोणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागलंही नाही.

तो बोअर म्हणजे नमुना क्रमांक चार. आकडा एकशे आठ. निकालाची चिठ्ठी गौतमीनं आप्पांच्या हातात दिली, त्याच आठवड्यात त्यांच्या स्वयंपाकघरात फिल्टर बसला होता.

पाच दिवस तिनं लेखी शब्द पाळला. सहाव्या दिवशी सीमावहिनी रांगेत होती. बाळ तीन महिन्यांचं, अंगावरचं दूध आटल्यामुळं पावडरच्या दुधावर. गौतमीचा भाऊ संघर्ष रांजणगावच्या कंपनीत पाळीला गेलेला. वहिनीनं बाळासाठीची वेगळी कळशी पुढं केली आणि गौतमीला राहवलं नाही. डिग्री गेली चुलीत, असं तिला खरोखर वाटलं.

“नका भरू! ह्ये पाणी हापशापेक्षा वाईट हाय. जवळजवळ दुप्पट वाईट. मीच तपासलंय!”

रांग थांबली. बांधावर उभे असलेले संपत आप्पा रागावले नाहीत. त्यांनी गड्याला नुसती मान हलवून खूण केली. गड्यानं व्हॉल्व फिरवला आणि धार आटली.

“बरं झालं सांगितलं,” आप्पा म्हणाले. “शिकलेली पोर म्हनती, तर आपल्याला पाप कशाला? आजपासून बंद.”

गौतमीला वाटलं होतं, बायका आप्पांना जाब विचारतील. बायका तिच्याकडे बघत होत्या. आठ घरांचे हंडे अजून रिकामे होते.

“खुटबावला जाऊन आणायचं का आता पाणी? डोक्यावर?” कोणीतरी मागून म्हणालं.

“आप्पा, लहान हाय ती,” ताईबाई पुढं झाली. आज ती हसत नव्हती. “बोल गं. चुकलं म्हन.”

“आत्या, खरं हाय त्ये. कागद हाय माझ्याकडं.”

“तुझा कागद प्यायचा का आमी?”

आप्पा बांधावरच उभे होते. त्यांना कसलीच घाई नव्हती. गौतमीनं वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं मान खाली घातली.

“मशीनमधी घोळ झाला असंल,” गौतमी म्हणाली. “पाणी चांगलं हाय.”

“आसं कसं? लोकांच्या मनात शंका ऱ्हायला नको.” आप्पांनी गड्याला पुन्हा खूण केली. “दे तिला.”

गड्यानं वरूनच पाइप धरली. गौतमीनं दोन्ही हातांची ओंजळ केली आणि सगळ्यांसमोर प्याली. पाणी गार होतं, चवीला गोडसुद्धा. त्याचा तिला जास्त संताप आला. एक ओंजळ पिऊन ती थांबली, तर आप्पा म्हणाले, “घे की आणखी.” तिनं आणखी घेतलं. मग रांग पुढं सरकली.

घरी आल्याबरोबर तिनं दार लोटलं. वहिनी पातेल्यात कळशीतलं पाणी ओतत होती.

“वहिनी, बाळाला नको ह्ये. अंग निळं पडतं लहान पोरांचं. उकळून जात न्हाई त्ये, उलट वाढतं. आपण जार लावू.”

“दारात जार उतरला की समद्यांना कळंल,” वहिनी हळू आवाजात म्हणाली. “आप्पांनाबी. मंग पुन्हा व्हॉल्व बंद. आत्याच्या घरी काय तोंड दाखवायचं?”

“मग पिशवीतून बाटल्या आणते मी. लपवून. पण ह्ये नको.”

आत बाळ भुकेनं रडायला लागलं. वहिनीनं एका हातानं पावडरचा डबा ओढला, मग थांबली आणि पहिल्यांदाच नणंदेच्या डोळ्यांत बघितलं.

“मघाशी समद्यांपुढं सांगितलंस पाणी चांगलं हाय. दोन येळा प्यालीसबी. आता म्हनती वाईट हाय.” तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. “ताई, तुझं कवाचं खरं धरू?”